सैन्य परदेशात, मोर्चा घरात: श्रीलंकेत दोन वर्षं काढलेल्या एका सातारकराचं उत्तर

माझ्याकडं सकाळी ग्राउंडवर भरतीची तयारी करायला जी पोरं येतात त्यातल्या एकाची थोरली बहीण साताऱ्यात राज्यशास्त्रात एमए करते. तिनं भावाच्या हातून वहीच्या पानावर तीन प्रश्न लिहून पाठवलेत. सरकारनं दुसऱ्या देशात सैन्य पाठवलं आणि इथं लोक त्याच्या विरोधात रस्त्यावर उतरले तर ती सैनिकांशी गद्दारी होते का, अशा मोर्चांनी लढाई खरंच कधी थांबलीय का, आणि तुम्ही तिकडं होता तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं. तोंडी सांगायला बसलो तर दोन चहा होतील आणि गाडी भलतीकडं जाईल, म्हणून लिहूनच देतो.

मी फौजेच्या सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेस-संदेशाच्या शाखेत, २४ वर्षं नोकरी केली. लान्स नायक असताना श्रीलंकेत गेलो, सुभेदार म्हणून घरी आलो, आणि आता पोरं पळवतो आणि गावोगावच्या वीरपत्नींची पेन्शनची कागदं भरून देतो. पुस्तकं वाचतो पण प्रोफेसर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाच.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्याच्यातनंच निघतात.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आपली फौज तिकडं उतरायला लागली. म्हणजे सही आणि फौज यात एक रात्र. संसदेत आधी चर्चा नाही, पेपरात वाद नाही, आम्हाला तर सामान भरताना एवढंच माहीत की शांती सेना म्हणून जायचंय, वाघांची, म्हणजे वेगळं तमिळ राज्य मागणाऱ्या एलटीटीईची, हत्यारं जमा करून घ्यायची आणि परत यायचं, कुणी म्हणायचं दिवाळी घरीच. त्याच ३० जुलैला कोलंबोत मानवंदना घेताना तिथल्या नौदलाच्या एका शिपायानं राजीव गांधींवर रायफलचा दस्ता उगारला, तो फोटो तू बघितला असशील. मला तो फोटो बघितला की वाटतं, सगळं त्यात आधीच लिहिलेलं होतं, फक्त वाचणारं कुणी नव्हतं. सिंहली लोकांना आम्ही नको होतो. दक्षिणेत जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षानं आमच्या नावानं बंडच पुकारलं, भारतीय माल विकायचा नाही म्हणून दुकानदारांना धमक्या. आणि तमिळ लोकांनी सुरुवातीला हार घातले, ते हार ऑक्टोबरपर्यंत वाळले.

ऑक्टोबरात वाघांशीच लढाई जुंपली, जाफना ताब्यात घ्यायला ऑपरेशन पवन सुरू झालं. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ जण गेले, एक पकडला गेला. आम्ही तेव्हा त्रिंकोमालीकडं होतो, ही बातमी आमच्याकडं तुकड्यातुकड्यानं आली आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा वाईट. आमच्या हातात एसएलआर, म्हणजे जुनी एकेक गोळी सुटणारी रायफल, समोरच्याच्या हातात एके-४७, आणि रस्त्याखाली कुठं काय पुरलंय ते देवाला ठाऊक. आणि हेही लिहितो, कारण अर्धं सांगितलं तर ते खोटंच होतं: त्याच महिन्यात जाफन्याच्या सरकारी दवाखान्यात पेशंट, डॉक्टर, नर्स मारले गेले आणि त्याचा आरोप आपल्या फौजेवर आहे. मी तिथं नव्हतो. पण तामिळनाडूत लोक का पेटले हे समजून घ्यायचं असलं तर ते नाव टाळून चालत नाही.

माझ्या डिटॅचमेंटमध्ये एक मदुराईकडचा पोरगा होता. त्याच्या वडलांचं इनलँड लेटर आलं की तो बाजूला जाऊन वाचायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाला, अण्णा विचारतात की तू कुणावर गोळी चालवतोस. बस, एवढंच एक वाक्य. त्याच्या गावात मोर्चे निघत होते, भिंतींवर आमच्या विरोधात लिहिलेलं होतं, आणि हा रोज रात्री माझ्याबरोबर सेटवर ड्यूटी करत होता, एक दिवस त्यानं काम चुकवलं नाही. आता याला गद्दार म्हणायचं, का त्याच्या वडलांना म्हणायचं?

आणि आमच्याकडं काय होतं? काहीच नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, घरटी फौजी असलेली गावं, पण एक मोर्चा नाही, एक सभा नाही, बाजूनं नाही आणि विरोधातही नाही. १९८९ च्या शेवटाला मी सुट्टीवर आलो, सातारा स्टँडवरनं गावची एसटी धरली, ट्रंक वर टाकली, कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं कुठनं आला पाव्हणं, म्हटलं श्रीलंकेतनं. म्हणाला, कसली मॅच होती का? चांगला माणूस होता, उलट त्यानं मला पुढची सीट दिली. पण त्या क्षणाला मला जे झालं ते मद्रासच्या भिंतींवरच्या शिव्या ऐकूनसुद्धा झालं नव्हतं. तिकडं निदान त्यांना माहीत होतं आम्ही कुठं होतो ते.

मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांना मारून आलेल्या फौजेचं स्वागत मी करणार नाही अशी त्यांची भूमिका होती. मला तेव्हा लई राग आला, खोटं कशाला सांगू, आजही थोडा आहे. अकराशेच्या वर पोरं तिथं ठेवून आलो होतो. पण वयानं एक शिकवलं की त्यांच्या मतदारांनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती आणि ते ती बोलले. माझ्या मतदारसंघानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं, मग माझ्या बाजूनं कोण बोलणार होतं?

हे असं का होतं याच्यावर मी बरीच वर्षं विचार केला. आपली फौज राजीखुशीची भरती. कुणाला धरून नेत नाहीत. त्यामुळं तार येते ती एक या तालुक्यात, दुसरी तिकडं गुरदासपूरला, तिसरी गढवालात. प्रत्येक गाव आपापलं रडतं, बंदुकीची सलामी होते, शाळेला नाव दिलं जातं, आणि दुःख त्या शिवेच्या बाहेर जात नाही. अपशिंग्याला गेलीस तर पहिल्या महायुद्धात त्या एका गावातनं गेलेल्या ४६ जणांचा दगड आहे, बघून ये. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात होत्या, म्हणजे आजचा इराक, एप्रिल १९१६ ला कुतच्या वेढ्यात अन्न संपल्यावर शरण गेले त्यातही आपले होते. खटाव-माणच्या दुष्काळी रानातला पोरगा तैग्रिस नदीच्या काठावर कुणासाठी मेला हे विचारायला त्या गावात कुणाला मत होतं, ना पेपर, ना पुढारी. खर्च एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा, आणि दोघांची गाठ कधी पडतच नाही.

अमेरिकेत व्हिएतनामच्या वेळी नेमकी ही गाठ पडली. तिथं सक्तीची भरती होती. कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत मिळायची, त्यामुळं सुरुवातीची बरीच वर्षं गरिबाचा आणि काळ्यांचा पोरगाच जास्त जायचा आणि विरोध होता तो थोड्या लोकांचा. मग १ डिसेंबर १९६९ ला जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काचेच्या बरणीतनं काढल्या, टीव्हीवर लाइव्ह, आपल्याकडं म्हाडाची लॉटरी निघते तसं, फक्त इथं नंबर लागला की घर नाही, जंगल. त्याच्या आधी दीड महिना देशभर लाखो लोक कामं सोडून रस्त्यावर आले होते, आणि ३० एप्रिल १९७० ला निक्सननी कंबोडियात फौज घुसवल्याचं सांगितल्यावर कॉलेजं पेटली. ४ मेला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डनं गोळीबार केला, ४ विद्यार्थी मेले.

पण याच्या चार दिवसांनी जे झालं ते मला जास्त विचार करायला लावतं. ८ मेला न्यूयॉर्कमध्ये बांधकामावरच्या कामगारांनी पिवळी हेल्मेटं घालून विद्यार्थ्यांचा मोर्चा झोडपला. त्यांची पोरं व्हिएतनाममध्ये होती आणि मोर्चात दिसत होती ती सवलत घेऊन कॉलेजात बसलेल्यांची पोरं. मी त्या कामगारांच्या जागी असतो तर हात उचलला नसता असं छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. मोर्चावाल्यांचं म्हणणं बरोबर होतं असं मला वाटतं, पण ते बोलताना आधी त्या कामगाराच्या दारात जायला पाहिजे होतं. पुढच्या वर्षी, एप्रिल १९७१ ला, व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांनी स्वतः वॉशिंग्टनला जाऊन संसदेच्या पायऱ्यांवर आपली मेडलं फेकली, तेव्हा मात्र कुणाला गद्दार म्हणायची सोय राहिली नाही.

मेडल फेकणं मला अजून पचत नाही, ते जाऊ दे.

गद्दारीचा प्रश्न आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीच येऊन गेलाय. माझे थोरले चुलत आजोबा मराठा पलटणीत, इंग्रजांकडनं इटलीत लढत होते. धाकटे ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मामलेदार कचेरीवरच्या मोर्चात. त्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे हातात झेंडा घेऊन पडले, आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात तसंच, तिथं किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या गेले. म्हणजे एक भाऊ ज्या सरकारचा गणवेश घालून जर्मनांशी लढतोय त्याच सरकारची गोळी दुसऱ्या भावाच्या कानाजवळनं गेली. पुढं हे धाकटे प्रतिसरकारवाल्यांना भाकरी पोचवायचे. १९४६ ला थोरले घरी आले तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं आता यांची जुंपणार. आजी सांगायची, थोरल्यानं पहिल्या रात्री एवढंच विचारलं, तुमच्यात नेम शिकवायला कुणी हाय का न्हाई? थोरल्याचा इटली स्टार आणि धाकट्याचा १९७२ चा ताम्रपट एकाच ट्रंकेत होता, वाटणी झाली तेव्हा ट्रंक कुणाकडं जावी यावर भांडण झालं, वस्तूंवर नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. विरोध सरकारच्या निर्णयाला असतो. सैनिक निर्णय घेत नाही, त्याला ट्रक कुठं चाललाय हेसुद्धा कधीकधी पोचल्यावर कळतं. मात्र मोर्चात कुणी सैनिकाच्या बायकोसमोर तुझा नवरा खुनी म्हणून ओरडलं तर ते मोर्चाचं काम नाही, आणि त्यानं सरकारचाच फायदा होतो, कारण मग विषय निर्णयावरनं हलतो आणि अपमानावर येतो. पुढाऱ्याला तेच पाहिजे असतं.

आता दुसरा, फरक पडतो का. इथं लोक एकतर फार भाबडे असतात नाहीतर फार कडू. १५ फेब्रुवारी २००३ ला इराकवरच्या हल्ल्याच्या विरोधात जगातल्या शेकडो शहरात एकाच दिवशी माणसं उतरली, एकट्या लंडनमध्ये दहा लाखाच्या आसपास, आणि २० मार्चला बॉम्ब पडायला लागलेच. मग म्हणायचं मोर्चा फुकट गेला? थांब. त्याच वर्षी अमेरिका आपल्याकडंही फौज मागत होती, उत्तर इराकसाठी जवळजवळ एक अख्खी डिव्हिजन. दिल्लीत पाठवा म्हणणारे कमी नव्हते, मोठ्या देशाशी संबंध सुधारतील वगैरे. मी तेव्हा नोकरीत होतो आणि मेसमध्ये दुसरा विषय नसायचा, पोरं परदेशी भत्त्याचा हिशोब करायची, आणि श्रीलंकेतनं आलेले आम्ही चारपाच जण गप्प बसायचो. पण एप्रिलमध्येच लोकसभेनं इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध ठराव केला होता, हिंदीत चक्क 'निंदा' हा शब्द होता, इंग्रजी करताना तो जरा मऊ केला ती गोष्ट वेगळी. विरोधी पक्ष नाही म्हणत होते, डावे रस्त्यावर होते, वर्षाच्या शेवटी राज्यांच्या निवडणुका. १४ जुलैला वाजपेयी सरकारनं सांगितलं, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौज येणार नाही.

त्या निर्णयानं किती घरं वाचली याचा आकडा कुठंच मिळणार नाही, आणि म्हणूनच त्या मोर्चांचं श्रेय कुणी कुणाला देत नाही. फौज जायच्या आधी केलेला विरोध हा गेल्यानंतरच्या विरोधापेक्षा दसपट कामाचा असतो, हे मी दोन्ही बाजू बघून सांगतोय. १९८७ ला मध्ये एक रात्र होती, २००३ ला चारपाच महिने होते, आणि माझ्या मते फरक तिथंच पडला. एकदा का पहिली पेटी घरी आली की पुढारी म्हणायला मोकळा, त्यांचं बलिदान वाया जाऊ द्यायचं का, आणि त्या वाक्याला आईबापाकडं उत्तर नसतं. मग एकाचं वाया जाऊ नये म्हणून दुसरा जातो.

गेल्यानंतरचा विरोध लढाई थांबवत नाही, तो लढाई महाग करतो, आणि हळूहळू. व्हिएतनामचंच घे, ५८ हजार अमेरिकन मेले तोवर चालली. पण त्या विरोधानं मागं काय ठेवलं ते बघ: १९७१ ला मतदानाचं वय २१ वरनं १८ वर आलं, कारण ज्याला मरायला पाठवता त्याला मत नाही हे कुणाला पटवून देता येईना. १९७३ ला सक्तीची भरती बंद, आणि त्याच वर्षी असा कायदा की राष्ट्राध्यक्षानं फौज लढाईत घातली तर संसदेच्या मंजुरीशिवाय ६० दिवसांपुढं ठेवायची नाही. तो कायदा पुढं कितीतरी राष्ट्राध्यक्षांनी वाकवला. आणि गंमत म्हणजे सक्तीची भरती बंद झाल्यावर त्यांचाही मामला आपल्यासारखाच झाला, इराक आणि अफगाणिस्तानला ठराविक गावांची ठराविक घराण्यांची पोरं गेली आणि बाकीचा देश शॉपिंगला.

जिथं फौजेलाच पुरे झालं तिथं मात्र खेळ एका दिवसात बदलतो. पोर्तुगाल बघ, ज्यांना आपण १९६१ ला गोव्यातनं काढलं तेच. अंगोला, गिनी, मोझांबिकमध्ये तेरा वर्षं लढत होते, घरात हुकूमशाही, मोर्चा काढायची सोयच नाही. २५ एप्रिल १९७४ ला कॅप्टन-मेजर हुद्द्याच्या अधिकाऱ्यांनीच सरकार पाडलं आणि लोकांनी शिपायांच्या बंदुकीच्या नळ्यांत फुलं खोचली. आणि आपल्या मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ ला नौदलाच्या खलाशांनी संप केला त्याच्या मागण्यांत फक्त डाळीत खडे आहेत एवढंच नव्हतं, इंडोनेशियातनं भारतीय फौज परत बोलवा हीसुद्धा मागणी होती. डच लोकांना त्यांची वसाहत परत मिळावी म्हणून इंग्रजांनी आपली पोरं तिकडं वापरली होती, १९४५ ला सुराबायाच्या लढाईत मराठा पलटणही होती. ही गोष्ट शाळेत का शिकवत नाहीत मला कळत नाही. संपाच्याच वर्षी, १९४६ च्या नोव्हेंबरअखेर, ती फौज तिथनं निघाली, संपामुळंच निघाली असं मी म्हणणार नाही, पण भाड्यानं बंदूक मिळण्याचे दिवस संपले हे इंग्रजाला त्यात दिसलं असणार.

रशियात तर मार्च २०२२ पासून फौजेची बदनामी हाच गुन्हा आहे, कोरा कागद धरून उभ्या राहिलेल्यांनाही उचललं. तरी सप्टेंबरात युक्रेनच्या लढाईसाठी तीन लाखांची भरती काढल्यावर दागेस्तानच्या बायका पोलिसांना भिडल्याच. बाकी छोट्या मोहिमांना विरोध होत नाही, १९८८ ला मालदीवला गेलो आणि लगेच काम झालं, १९७१ ला ढाका पडल्यावर तीन महिन्यांत परत आलो, कुणी मोर्चा काढला नाही. काम काय ते ठरलेलं होतं आणि परतीची तारीख दिसत होती.

तू मोर्चाला जा किंवा जाऊ नको, ते तुझं तू ठरव. गेलीस तर तीन गोष्टी विचारायला सांग: काम नेमकं काय, संपलं हे कशावरनं कळणार, आणि ज्या लोकांसाठी जातोय त्यांनी बोलवलंय का त्यांच्या सरकारनं. श्रीलंकेला या तिन्हींचं उत्तर नव्हतं. बोलावणं जयवर्धनेंचं होतं, पुढं त्यांच्या जागी प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी निघा म्हणून तारीख दिली आणि वर आमच्याशी लढायला वाघांनाच हत्यारं पुरवली. ज्यांच्या घरात पाहुणे म्हणून गेलो ते दोघं भाऊ आमच्या विरोधात एक झाले, आणि आम्ही ओसरीवर ट्रंक घेऊन उभे.

आणि पानाच्या मागं बारीक अक्षरात तू चौथा लिहिलायस, हे सगळं असं असलं तर भावाला भरतीला पाठवू का. आता अग्निवीर आहे, चार वर्षं आणि मग चारातला एकच पुढं ठेवणार, त्याचा हिशोब घरात बसून नीट करा, मी त्यात पडत नाही. पोरगं मनापासून येतंय. फक्त त्याला म्हणावं रात्री मोबाइल बंद करून झोप, १६०० मीटर अजून सहा मिनिटांच्या खाली येईना आणि पुऱ्या मार्कांसाठी साडेपाचच्या आत लागतं.